ट्यूब ॲम्पवर मेटलचा टोन: मार्शल २२०३, टीएस९ आणि ड्रॉप सी

खर्ज

मेटलच्या टोनबद्दल तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहिलं जातं. एकच ॲम्प घेऊन तारेपासून स्पीकरपर्यंत सलग लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

उदाहरणाला मार्शल जेसीएम८०० २२०३ घेतोय. १०० वॉट, चार ईएल३४ (पॉवर ट्यूब), प्रीॲम्प आणि फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबच्या आधीची पायरी) मिळून तीन ईसीसी८३ (छोट्या ट्यूब, अमेरिकन नाव १२एएक्स७), एक चॅनल, मूळ मॉडेलला इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये पेडल जोडायची सोय) नाही. २२०३ हा नंबर १९७५ चा, जेसीएम८०० हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं. सर्किट साधं आहे, त्यामुळे कुठला नॉब नेमकं काय करतो ते कानाला लगेच कळतं. गिटार ड्रॉप सी मध्ये (सर्वात जाड तार सी पर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग), ब्रिजला पॅसिव्ह हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), आणि बंद पाठीचा चार-बारा कॅबिनेट (बारा इंची चार स्पीकर).

माझं म्हणणं एवढंच आहे: खालचा खर्ज डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा आणि डिस्टॉर्शन झाल्यावर परत द्यायचा. बहुतेक जण उलट करतात. गिटारमधून भरपूर बेस आत ढकलतात, सगळं चिखल झालं की ट्रेबल आणि गेन वाढवतात, आणि मग माशा घोंगावल्यासारखा आवाज येतो.

कारण बघा. ड्रॉप सी मधली मोकळी पॉवर कॉर्ड म्हणजे ६५.४, ९८ आणि १३०.८ हर्ट्झ. दोन सूर एकाच वेळी क्लिप झाले (लाटेची टोकं कापली गेली) की त्यांच्या वजाबाकीचाही सूर तयार होतो. ९८ वजा ६५.४ म्हणजे ३२.७ हर्ट्झ. हा सूर तुम्ही वाजवलेला नाही, चार-बारा कॅबिनेट तो नीट काढूही शकत नाही, पण पुढच्या प्रत्येक ट्यूबला तो ढकलावा लागतो. पाम म्यूटचा (तळव्याने तार दाबून मारलेला) ठोका "धप्प" न येता "भॉऽऽ" येतो तो यामुळे. नंतर टोन स्टॅकमध्ये (बेस, मिडल, ट्रेबल नॉबांचं सर्किट) बेस कितीही कमी करा, झालेला चिखल तसाच राहतो.

म्हणून ॲम्पच्या आधी टीएस९ (आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर ओव्हरड्राइव्ह पेडल). कुठलाही नॉब हलवण्याआधी तारा बघा. २५.५ इंच स्केलला ११-५४ च्या आसपासचा संच, २४.७५ इंचाला त्याहून एक पायरी जाड. तार ढिली असेल तर जोरात मारल्यावर सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली बसतो. हा दोष कुठल्याही ॲम्पवर झाकला जात नाही. पिक १ मिमी किंवा जाड. पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: जाड तारेखाली साधारण २.५ मिमी, बारीक तारेखाली २. जाड बाजू फार वर असेल तर तोच चिखल पिकअपपासूनच सुरू होतो.

आता ॲम्प. हाय इनपुटला गिटार, पेडल बंद.

प्रीॲम्प गेन ६, मास्टर ३, ट्रेबल ५, मिडल ६, बेस ४, प्रेझेन्स ४.

हा आवाज थोडा कोरडा, जुन्या हार्ड रॉकसारखा लागेल. तसाच हवा. मग टीएस९ लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल ८ ते १०, टोन ५. आणि मग चाचणी. १२० च्या लयीत सर्वात जाड तारेवर चार सोळांश पाम म्यूट, मग पूर्ण थांबा. तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर, फक्त अर्धी. ठोक्यांकडे लक्ष देऊ नका, दोन ठोक्यांमधली फट ऐका. ती स्वच्छ ऐकू आली पाहिजे. फट भरून येत असेल तर गेन अर्ध्या-अर्ध्या अंकाने खाली आणा. बऱ्याचदा ६ वरून ४.५ वर यावं लागतं, आणि तिथे आवाज आधीपेक्षा जड लागतो. पटत नाही, पण करून बघा.

कातळ

उत्तम धागा. ड्राइव्ह शून्यावर ठेवण्याबद्दल एक भर घालतो, कारण "शून्य म्हणजे पेडल काहीच करत नाही" असं बऱ्याच जणांना वाटतं.

टीएस९ च्या क्लिपिंग पायरीत ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड मालिकेत आहेत. त्यांचा कोपरा, म्हणजे ज्याच्या खाली गेन उतरत जातो ती जागा, ७२० हर्ट्झला येतो. फीडबॅकमध्ये ५१ किलोओहमचा रोध कायम असतो आणि ड्राइव्हचं पॉट त्याच्यात भर घालतं. म्हणजे पॉट शून्यावर असलं तरी ७२० च्या बऱ्याच वर गेन १ + ५१/४.७, साधारण १२ पट. ६५ हर्ट्झला तोच गेन जेमतेम दीड पट. पुढे १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा लो-पास आहे, त्याचाही कोपरा ७२० च्या जवळच, तो वरची धार काढतो. राहतो तो मधला उंचवटा, आणि खालचा सी त्याच्या तुलनेत खूप मागे. धागा सुरू करणारे खर्ज म्हणतात ते "आधी कापणं" हेच.

बॉस एसडी-१ नेही हेच काम होतं, किंमत कमी. फरक एवढाच की त्यात एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणून क्लिपिंग असमान. ड्राइव्ह शून्याजवळ असताना फरक शोधावा लागतो.

दुसरा_मजला

गेन ४.५ वर आणला की ट्रेबल कानात टोचायला लागतो. ६ वर टोचत नव्हता. म्हणजे गेन कमी केल्यावर आवाज मऊ व्हायच्या ऐवजी धारदार झाला. हे उलटं कसं?

सोल्डर_शिसं

उलटं नाही, ॲम्पचं सर्किटच तसं आहे. २२०३ मध्ये प्रीॲम्प गेनच्या पॉटवर १ नॅनोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर आहे. पॉट जितकं खाली, तितका मध्य आणि खर्ज अडतो, पण ट्रेबल त्या कपॅसिटरमधून बाहेरच्या बाहेर पुढे निघून जातो. ८ च्या वर त्याचा परिणाम जवळपास संपतो. ३ ते ५ च्या मध्ये तो सर्वात जास्त जाणवतो, आणि पेडल लावून मेटल वाजवणारे नेमके तिथेच असतात.

उपाय, सोप्यापासून अवघडाकडे: आधी टीएस९ चा टोन ५ वरून ३.५ ला आणा. मग प्रेझेन्स २. ट्रेबलला शेवटी हात लावा, कारण या टोन स्टॅकमध्ये ट्रेबल कमी केला की मिडलचं वागणंही बदलतं. एवढ्याने भागलं नाही तर तो कपॅसिटर काढता येतो किंवा त्याजागी १०० पिकोफॅरड बसवता येतो. सोल्डरच्या एका टाक्याचं काम आहे आणि परत मूळ स्थितीला आणता येतं. पण ते तंत्रज्ञाकडून करा. कारण पुढे लिहितो.

दुसरी गोष्ट, या ॲम्पची दुसरी गेन पायरी मुद्दाम थंड बायस केलेली आहे (बायस म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा ठरवलेला प्रवाह, थंड म्हणजे तो कमी). तिच्या कॅथोडला १० किलोओहम, बायपास कपॅसिटर नाही. त्यामुळे लाटेची एक बाजू लवकर कापली जाते. २२०३ ची ती कुरकुरीत धार तिथून येते. मॉडिफिकेशनच्या नावाखाली हा रोध कमी करून गेन वाढवणारे आहेत. गेन मिळतो, धार जाते. मेटलसाठी मी तो सल्ला कधीच देणार नाही.

रेवदंडा

मेसा बूगीच्या मार्क मालिकेवर हेच आकडे लावले तर चालेल का? बेस ४, मिडल ६?

कातळ

नाही. तिथे पूर्ण गणित बदलतं, आणि या धाग्याचा मुद्दा तिथे जास्त स्पष्ट दिसतो.

मार्शलमध्ये टोन स्टॅक प्रीॲम्पच्या सगळ्या गेन पायऱ्यांनंतर आहे. मार्क मालिकेत तो पहिल्या पायरीनंतर लगेच, म्हणजे मुख्य डिस्टॉर्शनच्या *आधी* आहे. तिथला बेस नॉब म्हणजे चिखलाचा नॉब. लीड चॅनलवर बेस ० ते २, ट्रेबल ७-८ (तिथे ट्रेबल नॉब गेनसारखंच काम करतो), मिडल ३-४. आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा लागेल. मग पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू: ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. हा डिस्टॉर्शननंतर येतो. ८० वर, ७५० खाली, २२०० किंचित वर, ६६०० मध्यावर. खालचं वजन इथून परत येतं. आधी कापलं, नंतर दिलं. पेडलची गरजच नाही, ॲम्पमध्येच सोय आहे.

७५० ची पट्टी मात्र तळाशी नेऊ नका. मध्यरेषेपासून खालच्या टोकापर्यंतच्या अंतराचा अर्धा पुरे.

मध्यसप्तक

या ७५० वर थांबून लिहायला हवं, कारण मेटलच्या टोनमध्ये सर्वात जास्त नुकसान तिथे होतं.

घरात हळू आवाजात वाजवताना कानाला खर्ज आणि वरचे सूर दोन्ही कमी ऐकू येतात. आवाज कमी असला की माणसाचा कान असाच वागतो. म्हणून खोलीत मिडल शून्यावर आणि बेस-ट्रेबल ८ वर ठेवले की छान भरलेलं वाटतं. तीच सेटिंग ड्रम आणि बेस गिटारसोबत लावा, गिटार गायब होते. खाली बेस गिटार आणि किक ड्रम बसलेले असतात, वर झांजा. गिटारची जागा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या मध्ये, आणि तीच तुम्ही रिकामी केलेली असते. मग "ऐकू येत नाही" म्हणून मास्टर वाढवला जातो आणि सगळ्यांचाच आवाज चढत जातो.

टोन ठरवायचा तो बेस गिटारसोबत ठरवा. एकट्या गिटारला थोडा कोरडा आणि मध्याकडे झुकलेला वाटला पाहिजे. बेस गिटार आत आली की दोघं मिळून एकच मोठी गिटार ऐकू येते.

दुसरा_मजला

मध्यसप्तकताई, आणि रेकॉर्डिंगला? इमारतीत चार-बारा वाजवणं शक्यच नाही.

मध्यसप्तक

दोन रस्ते आहेत.

एक, खरा स्पीकर आणि ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा). तो ॲम्पच्या पूर्ण वॉटचा घ्या, १०० वॉटच्या ॲम्पला ५० चा नाही. ओहम जुळवून घ्या. १०० ऐवजी ५० वॉटचा ॲम्प घेतल्याने शेजाऱ्यांची सुटका होत नाही, फरक फक्त ३ डेसिबल.

दोन, रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी जोडायचा, स्पीकरसारखाच वागणारा लोड) आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची डिजिटल नोंद), सगळं हेडफोनवर. साध्या रोधाच्या लोडपेक्षा रिॲक्टिव्ह चांगला, कारण खरा स्पीकर ८ किंवा १६ ओहम सरळ दाखवत नाही. खालच्या अनुनादापाशी आणि वरच्या टोकाला त्याचा अवरोध कितीतरी वाढतो आणि ट्यूब ॲम्प त्याला प्रतिसाद देतो. नुसत्या रोधावर पाम म्यूटचा धक्का सपाट येतो.

माइक लावायला जागा असेल तर शुअर एसएम५७ घ्या. सेलेस्चन व्हिंटेज ३० वर जाळीपासून दोन-अडीच सेंटिमीटर, मधली टोपी जिथे कोनला मिळते त्या कडेवर. टोपीच्या मध्याकडे १ सेंटिमीटर सरकवलं की फसफस वाढते, बाहेरच्या बाजूला सरकवलं की जड आणि मंद. ईक्यूला हात लावण्याआधी हा एक सेंटिमीटर शोधा. व्हिंटेज ३० ला २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. तो रिफ पुढे आणतो, पण प्रेझेन्स जास्त असेल तर कान दुखवतो. सेलेस्चनच्याच जी१२टी-७५ स्पीकरमध्ये मध्य मागे बसलेला असतो, तिथे ॲम्पचा मिडल एक-दीड अंकाने जास्त ठेवा.

डावी-उजवी अशी दोन वेगळी वादनं घेणार असाल तर गेन अजून एक अंकाने कमी. दोन ट्रॅकचं डिस्टॉर्शन एकमेकांवर साचतं. मिक्समध्ये ८० हर्ट्झच्या खाली आणि १० ते १२ किलोहर्ट्झच्या वर कापा.

रेवदंडा

माझा प्रश्न आवाज मध्येच अर्धा होण्याचा आहे. लूप असलेला ॲम्प आहे (२२०३ नाही). पावसाळ्यात वाजवताना एकदम आवाज खाली जातो, नॉब फिरवून काही होत नाही, मग आपोआप परत येतो. ट्यूब बदलून झाल्या.

सोल्डर_शिसं

ट्यूब नाहीत, लूपचा रिटर्न जॅक. लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा पूर्ण सिग्नल त्या जॅकच्या आतल्या एका स्प्रिंग-संपर्कातून जातो. खाऱ्या, दमट हवेत त्यावर थर चढतो. खात्री करायची असेल तर एक छोटी केबल लूपच्या सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज स्थिर झाला तर निदान झालं. ॲम्पचा प्लग काढून जॅकमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा, वाळू द्या. किनारपट्टीवर हे दर पावसाळ्यानंतर करायचं काम आहे. ट्यूबच्या सॉकेटलाही तेच.

विषय निघालाच आहे तर बायस आणि विजेबद्दल.

आधी धोका. ॲम्पच्या आत ४५० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. ज्यांना हे हाताळायची सवय नाही त्यांनी मागचा पत्रा उघडू नये.

ईएल३४ चं प्लेट डिसिपेशन २५ वॉट. त्याचे ७० टक्के म्हणजे १७.५. प्लेटवर ४६० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४६०, म्हणजे दर ट्यूबला ३८ मिलीअँपिअर ही वरची मर्यादा. कॅथोडला १ ओहमचा रोध लावून मोजलं तर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर. त्यात स्क्रीनचा प्रवाहही मिसळलेला असतो, म्हणून वाचन थोडं जास्त येईल. मेटलसाठी ६० ते ६५ टक्के पुरे, खर्ज घट्ट राहतो. फार थंड ठेवलं तर सूर विझताना त्यावर वाळू घासल्यासारखी खरखर येते. ती पेडलची किंवा पिकअपची समजून लोक भलतंच बदलत बसतात. पीव्ही ५१५० (१९९२ चा) मूळ मॉडेलला बायसचं पॉटच नाही आणि कारखान्यातून तो थंडच येतो. त्याच्यात ६एल६ (त्याच्या पॉवर ट्यूब) बदलताना जुळवलेला संच घ्या.

जुने अमेरिकेला गेलेले २२०३ मिळाले तर त्यात ईएल३४ ऐवजी ६५५० पॉवर ट्यूब असू शकतात. खर्ज जास्त ताठ, मध्य कमी. बायस न बदलता तिथे ईएल३४ लावू नका. आणि १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमान ५०० व्हीए चा, अर्थिंग सलग गेलेलं हवं.

आपल्याकडे रात्री उशिरा लोड उतरला की व्होल्टेज चढतं. ॲम्पचा सिलेक्टर २२० वर आणि भिंतीत २४५ असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर जातो. दहा टक्क्यांची मर्यादा ६.९३. ट्यूब लवकर मरतात त्या अशा. सिलेक्टरला २३० किंवा २४० असेल तर तिथे ठेवा.

कातळ

स्पीकर न जोडता ॲम्प चालू करायचा नाही, हेही इथे असू द्या. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज प्रचंड उसळतं, इन्सुलेशन फाटतं. आणि गिटारची केबल स्पीकरला वापरू नका. आतली तार बारीक असते, तापते आणि तुटली की तोच विना-लोड प्रसंग. दिसायला दोन्ही सारख्या असतात म्हणून स्पीकर केबलला रंगीत टेप लावून ठेवा.

दुसरा_मजला

नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) कुठे लावायचा? टीएस९ ची लेव्हल १० वर असल्याने थांबलं की सूंऽऽ आवाज येतो.

खर्ज

लूप नसलेल्या २२०३ ला गिटार, ट्यूनर, टीएस९, गेट, ॲम्प असा क्रम. पिकअप आणि पेडलचा आवाज बंद होईल, ॲम्पची स्वतःची सरसर राहील.

लूप असेल तर बॉस एनएस-२ सारखा चार जॅकचा गेट घ्या. गिटार गेटच्या इनपुटला. गेटच्या सेंडमधून टीएस९ आणि तिथून ॲम्पच्या इनपुटला. ॲम्पच्या लूप सेंडमधून गेटच्या रिटर्नला, गेटच्या आउटपुटमधून लूपच्या रिटर्नला. अशाने गेट स्वच्छ गिटार ऐकून निर्णय घेतो आणि बंद मात्र प्रीॲम्पसकट सगळं करतो. थ्रेशोल्ड शून्यापासून वर आणा आणि सरसर जिथे थांबते तिथेच सोडा. त्यापुढे नेलं तर लांब धरलेल्या सुराची शेपटी तुटते.

सूंऽऽ ऐवजी शिट्टीसारखी किंकाळी असेल आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणूनही थांबत नसेल तर ती पहिली ट्यूब. ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने प्रीॲम्प ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. जिचा ठोका स्पीकरमधून घंटेसारखा वाजतो ती मायक्रोफोनिक. इनपुटजवळच्या पहिल्या जागेवर सर्वात शांत ईसीसी८३ ठेवा, थोडी वाजणारी फेज इन्व्हर्टरला चालून जाते.

दुसरा_मजला

पहिल्या जागेवर ईसीसी८३ ऐवजी कमी गेनची ५७५१ ट्यूब लावली तर?

कातळ

चालेल. तिचा गुणक ७०, १२एएक्स७ चा १००. गेनचा नॉब थोडा वर न्यावा लागेल, म्हणजे ब्राइट कपॅसिटरचा टोचरेपणाही आपसूक कमी होईल. तुमच्या मूळ तक्रारीवर टाका न लावता होणारा हा उपाय आहे.

रेवदंडा

रिटर्न जॅकच होता, केबल लावल्यावर थांबलं. धन्यवाद.

शेवटचा प्रश्न. चार-बारा ऐवजी दोन-बारा बंद कॅबिनेट बनवतोय, १६ ओहमचे दोन व्हिंटेज ३० हाताशी आहेत. १०० वॉटच्या ॲम्पला पुरतील?

सोल्डर_शिसं

६० अधिक ६०, १२० वॉट. मास्टर ४ च्या वर जाणार नसाल तर ठीक, पण २२०३ पूर्ण ताणला की तो १०० च्या बराच वर जातो, तेव्हा फार मोकळीक नाही. समांतर जोडा, ८ ओहम होतील, ॲम्पचा सिलेक्टर ८ वर. १८ मिमी प्लायवूड, पाठ पूर्ण बंद, पाठीला मधे एक उभी पट्टी, नाहीतर खालच्या सी ला मागची फळी थरथरते.

आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवून वर उभं राहून टोन लावू नका. २ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज स्पीकरमधून सरळ रेषेत जातो. कान साडेपाच फुटांवर आणि स्पीकर गुडघ्याशी असला की ट्रेबल कमी वाटतो, मग तुम्ही तो वाढवता, आणि समोर बसलेल्याच्या कानाला तो झोंबतो. कॅबिनेट मागे कलता करा किंवा खाली बसून ऐका, मग प्रेझेन्स ठरवा.